क्षयजंतूवरील नव्या औषधाची चाळणी : गोरेगावच्या एका संयुगाची तीस वर्षे

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराविषयी माहिती देणारा लेख असावा, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा आम्ही क्षयरोगावरील नव्या औषधांचा शोध हा विषय घेतला आहे. औषधांचा शोध हे मोठ्या कंपन्यांचे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांचे काम. नवी पेठेतील एका धर्मादाय रुग्णालयाने त्यावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही वाचकांना वाटेल. प्रयोजन असे की, दोन प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतात. क्षयरुग्णांचे नातेवाईक विचारतात, "नवे औषध निघाल्याचे पेपरात वाचले, मग आमच्या माणसाला त्याच जुन्या गोळ्या का?" देणगीदार विचारतात, "आम्ही देतो त्या निधीतून रुग्णालयाने स्वतःच संशोधन का हाती घेऊ नये?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर द्यायचे तर प्रयोगशाळेत क्षयजंतूवर औषधाची पारख कशी होते आणि तिला इतका काळ का लागतो, हे समजून घ्यावे लागते.

सोलापूरकरांना क्षयरोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. कापड गिरण्यांच्या काळापासून दाटीवाटीच्या वस्त्या, एका खोलीत नांदणारी कुटुंबे, अपुरा आहार आणि तंबाखूचे व्यसन यांच्या आधाराने हा आजार येथे मुक्काम ठोकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात जगातील सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे साडेबारा लाख लोक त्यामुळे दगावले. एकूण रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. औषधे उपलब्ध असलेल्या आजाराचे हे आकडे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

दोन चाचण्या, दोन हेतू

प्रथम एक घोटाळा दूर करू. रुग्णाची थुंकी 'कल्चर'साठी पाठवली जाते आणि कोणते औषध लागू पडेल हे तपासले जाते, तेव्हा अनेकांना वाटते की त्या रुग्णासाठी नवे औषध शोधले जात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्या चाचणीत औषधे माहीत असतात आणि जंतू अनोळखी असतो. रुग्णाच्या शरीरातील जंतू आपल्याकडील औषधांपैकी कोणत्या औषधांना दाद देतो, एवढेच तेथे पाहिले जाते. आता सीबीनॅट, किंवा भारतात विकसित झालेले ट्रूनॅट यांसारख्या यंत्रांवर जंतूच्या जनुकांतील बदल पाहून त्यातील काही भाग काही तासांतच कळतो.

नव्या औषधाच्या शोधात परिस्थिती उलट असते. जंतू ओळखीचा असतो आणि त्याच्यासमोर ठेवलेली हजारो, कधी लाखो रसायने अनोळखी असतात. त्यांपैकी कोणते रसायन जंतूला रोखते हे शोधण्याच्या कामाला शास्त्रज्ञ 'स्क्रीनिंग' म्हणतात. आपण त्याला चाळणी म्हणू. धान्य चाळताना खडे खाली पडतात आणि दाणे चाळणीत राहतात. औषधांच्या चाळणीत खडेच फार असतात. शंभर रसायने तपासली तर एखादेही हाती लागेल याची शाश्वती नसते.

हा जंतू इतरांसारखा नाही

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूच्या शोधाची घोषणा केली. त्यानंतर पहिले परिणामकारक औषध मिळेपर्यंत साठ वर्षे गेली. या विलंबाची काही कारणे जंतूच्या घडणीतच आहेत.

पहिले कारण त्याची संथ गती. आपल्या आतड्यांत राहणारा ई-कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणजे ई-कोलाय ज्या काळात बहात्तर वेळा दुप्पट होऊ शकेल, त्या काळात क्षयजंतू जेमतेम एकदा होतो. म्हणूनच त्याची वाढ डोळ्यांना दिसण्यासाठी तीन ते सहा आठवडे थांबावे लागते आणि प्रत्येक प्रयोग तेवढाच लांबतो.

दुसरे कारण त्याचे कवच. त्याच्या पेशीभोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थांची जाड भिंत असते आणि बहुतेक औषधे तिच्यापाशीच अडतात.

तिसरे आणि सर्वांत त्रासदायक कारण म्हणजे त्याची निद्रा. प्राणवायू कमी झाला, अन्न मिळेनासे झाले, की हा जंतू मरत नाही. तो आपले व्यवहार मंद करून सुप्तावस्थेत जातो. अनेक औषधे वाढत्या जंतूच्या कामात बिघाड करून त्याला मारतात. जो कामच करीत नाही, त्याच्यापुढे ती निष्प्रभ ठरतात. रुग्णाला दोन महिन्यांत बरे वाटू लागते, खोकला थांबतो, वजन वाढते, तरीही गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात, याचे मुख्य कारण हे सुप्त राहणारे जंतू आहेत.

चौथी अडचण सुरक्षिततेची. हा जंतू हवेतून पसरतो. जिवंत, रोगकारक क्षयजंतू मोठ्या प्रमाणावर वाढवायचे तर त्यासाठी खास प्रयोगशाळा लागते. तेथे आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, जेणेकरून हवा बाहेर न जाता आतच येते. बाहेर सोडली जाणारी हवा सूक्ष्म गाळण्यांतून जाते. अशी प्रयोगशाळा उभारणे आणि चालवणे अत्यंत खर्चाचे असते. त्यामुळे पहिल्या फेरीत पुष्कळदा जंतूच्या सौम्य भाऊबंदांवर काम केले जाते. बीसीजी लसीतील जंतू, रोग निर्माण करण्याची शक्ती गमावलेला 'एच ३७ आरए' हा वाण आणि झपाट्याने वाढणारा 'स्मेग्मॅटिस' हा जंतू ही त्यांची उदाहरणे. मात्र भाऊबंदांवर केलेली परीक्षा मूळ जंतूला तंतोतंत लागू पडतेच असे नाही.

चाळणीचा इतिहास आणि पद्धत

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील सूक्ष्मजीव एकामागून एक तपासून स्ट्रेप्टोमायसिन शोधले. मातीत असंख्य सूक्ष्मजीव एकमेकांशी झुंजत असतात; त्यांतील एखादा क्षयजंतूला मारणारे द्रव्य तयार करीत असेल, अशी ती कल्पना होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यातही होऊ लागले.

आयसोनियाझिड या औषधाची कथा निराळी आहे. हे रसायन प्राग येथे १९१२ सालीच तयार झाले होते. परंतु ते क्षयजंतूसमोर ठेवून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. त्याचे गुण १९५०च्या दशकाच्या प्रारंभी कळले आणि १९५२ पासून ते वापरात आले. मधल्या चाळीस वर्षांत या आजाराने किती घरे रिकामी केली असतील, याची कल्पनाच करावी.

आजच्या चाळणीची रीत थोडक्यात अशी. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तबकडीत ९६ लहान खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पोषक द्रव आणि ठराविक संख्येने जंतू घालतात. मग एकेका खळग्यात एकेक रसायन अल्प प्रमाणात सोडतात. काही खळगे मुद्दाम औषधाविना ठेवतात आणि काहींत रिफाम्पिसिनसारखे खात्रीचे औषध घालतात, म्हणजे तुलना करता येते. शरीराच्या तापमानाइतक्या उबेत तबकडी काही दिवस ठेवल्यावर त्यात एक रंगद्रव्य घालतात. जंतू जिवंत असतील तर निळा रंग गुलाबी होतो. निळाच राहिला तर त्या खळग्यातील रसायनाने काम केले असे समजतात. त्यानंतर त्या रसायनाचे प्रमाण निम्मे, पाव, अष्टमांश असे उतरवत नेतात आणि कमीत कमी किती मात्रेत जंतू रोखला जातो ते ठरवतात. ही मात्रा जितकी कमी, तितके रसायन आशादायक.

याच्या जोडीला तेच रसायन मानवी पेशींवरही घालून पाहतात. जंतूला मारणारी द्रव्ये पुष्कळ आहेत, फिनाइलही मारते. जंतू मरावा आणि माणसाच्या पेशीला धक्का लागू नये, असे द्रव्य मात्र क्वचितच सापडते.

चाळणी कशी फसवते

काचपात्रातील जंतू आणि फुफ्फुसातील जंतू यांच्या परिस्थितीत अंतर असते. ते ध्यानात न घेतल्यास चाळणी दोन्ही बाजूंनी फसवते. चांगले औषध हातचे जाते किंवा कुचकामी रसायन चांगले भासते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या गोळीत आहे. पायराझिनामाइड हे औषध नेहमीच्या पोषक द्रवात क्षयजंतूचे काही बिघडवत नाही. त्याला आम्लधर्मी परिसर लागतो. काचपात्रातील निकालावरच विसंबले असते तर हे औषध पहिल्याच दिवशी बाद झाले असते. त्याचे गुण उंदरांवरील प्रयोगांत दिसले, म्हणून ते १९५२ साली पुढे आले. रिफाम्पिसिनच्या जोडीने याच औषधाने उपचारांचा काळ नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणला.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण २०१० साली सिंगापूर येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांना सापडलेली काही रसायने तबकडीत उत्तम काम करीत, परंतु उंदरांत त्यांचा काहीच उपयोग होईना. शोध घेता कळले की, पोषक द्रवात ग्लिसरीन असेल तरच ती रसायने जंतूला मारत होती. प्रयोगशाळेत क्षयजंतू वाढवताना ग्लिसरीन घालण्याची रूढी जुनी आहे. शरीरात जंतू त्यावर अवलंबून नसतो. म्हणजे ती रसायने प्रयोगशाळेच्या सोयीपुरतीच औषधे होती.

तिसरा धडा मोठ्या कंपन्यांना मिळाला. १९९८ साली क्षयजंतूच्या सर्व जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चार हजार जनुके आढळली. आता जंतूचे एखादे महत्त्वाचे प्रथिन वेगळे काढून त्याला निकामी करणारे रसायन शोधावे, म्हणजे काम झाले, अशी आशा निर्माण झाली. तशी रसायने सापडलीही. पण त्यांतील बहुतेक जंतूच्या मेणचट भिंतीतून आत शिरूच शकली नाहीत. कुलूप उघडणारी किल्ली मिळाली, परंतु घराचे फाटकच बंद होते. त्यामुळे संपूर्ण, जिवंत जंतूवर चाळणी करण्याची जुनी पद्धत पुन्हा मानाने परत आली.

पुण्यात झालेले काम

या ठिकाणी आपल्या शेजारच्या शहराचा उल्लेख आवश्यक आहे. पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. धीमान सरकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुप्त जंतूंच्या अडचणीवर लक्ष केंद्रित केले. झोपलेला जंतू वाढत नाही. मग औषधाने तो मेला की नुसताच पडून आहे, हे तबकडीत कळावे कसे?

त्यांनी जंतूच्या एका सवयीचा उपयोग केला. प्राणवायू संपत आला की क्षयजंतू व बीसीजीचा जंतू नायट्रेट या क्षाराचे नायट्राइट करू लागतात. हवा मर्यादित ठेवलेल्या खळग्यात नायट्रेट घालून ठेवले आणि काही दिवसांनी नायट्राइटशी संयोग पावणारे द्रव्य मिसळले, तर जिवंत सुप्त जंतू असलेल्या खळग्यात गुलाबी रंग येतो. औषधाने जंतू निकामी झाला असेल तर रंग फिका राहतो. अशा रीतीने जाग्या आणि सुप्त अशा दोन्ही अवस्थांतील जंतूंवर रसायनाचा परिणाम एकाच साध्या पद्धतीने पाहता येऊ लागला. बीसीजीच्या जंतूवर आधारलेली ही पद्धत २००८ साली प्रसिद्ध झाली.

या कामाचा लाभ इतरांनाही झाला. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेली नवी संयुगे पुण्याच्या या प्रयोगशाळेत क्षयजंतूच्या वाणांवर तपासली गेली आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील एकही संयुग अद्याप औषध म्हणून बाजारात आलेले नाही. हे ऐकून वाचकांनी निराश होऊ नये. याचे कारण पुढील हकिकतीवरून स्पष्ट होईल.

गोरेगावचे संयुग

१९६३ साली मुंबईच्या गोरेगाव उपनगरात सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे पहिले संचालक. पुढे सिबा-गायगी झालेल्या या केंद्रात डॉ. के. नागराजन व त्यांचे सहकारी नायट्रोइमिडाझोल नावाच्या रसायन-कुळावर अनेक वर्षे काम करीत होते. हे कूळ आपल्या परिचयाचे आहे. आंव पडल्यावर डॉक्टर जे मेट्रोनिडाझोल देतात, ते याच कुळातील. गोरेगावलाच याच कुळातून सॅट्रानिडाझोल हे आंवेवरील औषध तयार झाले.

या कुळातील काही संयुगे क्षयजंतूसमोर ठेवली असता त्यांनी जंतूला रोखल्याचे दिसून आले. हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील 'सीजीआय १७३४१' हे संयुग विशेष गुणकारी होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार एका मिलिलिटरमध्ये ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते क्षयजंतूला रोखत होते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवरही ते चालत होते. क्षयरोग झालेल्या उंदरांचे आयुष्य त्याने वाढवले.

चाळणी पार झाली, उंदरांची परीक्षाही पार झाली. तथापि पुढच्या टप्प्यावर या संयुगाने पेशींच्या जनुकांत बदल घडवून आणल्याचे आढळले. असे बदल पुढे कर्करोगाचे कारण ठरू शकतात. सहा महिने रोज घ्यावयाच्या औषधात हा दोष क्षम्य नव्हता. संयुग बाजूला ठेवण्यात आले.

व्यवहाराच्या दृष्टीने ती सारी वर्षे वाया गेली, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. परंतु निष्कर्ष छापलेले होते. ते वाचून अमेरिकेतील सिएटल येथील पॅथोजेनेसिस या कंपनीच्या संशोधकांनी त्याच धाटणीची तीनशेहून अधिक संयुगे तयार केली. जंतू मारण्याचा गुण टिकवायचा आणि जनुकांना बाधणारा दोष काढून टाकायचा, हा त्यांचा उद्देश. त्यांतील 'पीए ८२४' हे संयुग २००० साली जगापुढे आले. ते जाग्या जंतूंबरोबर सुप्त जंतूंनाही मारत होते. पुढे त्याचे काम रेंगाळण्याची चिन्हे दिसताच टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने २००२ साली त्याचे हक्क मिळवले. जगभरच्या सरकारी व धर्मादाय देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेने ते नेटाने पुढे नेले. ऑगस्ट २०१९ मध्ये 'प्रेटोमॅनिड' या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. जपानच्या ओत्सुका कंपनीने याच कुळातून डेलामॅनिड हे दुसरे औषध तयार केले. त्याला २०१४ साली युरोपात सशर्त मान्यता मिळाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोगासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सुमारे सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीस मान्यता दिली. पूर्वी या रुग्णांना वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत. १९८९ मध्ये गोरेगावहून प्रसिद्ध झालेल्या कामाचा वंशज अशा रीतीने पस्तीस वर्षांनी भारतातील रुग्णापर्यंत पोहोचला. पुण्याच्या वा संभाजीनगरच्या संयुगांतून उद्या काय निघेल, हे आज सांगता येत नाही. मात्र प्रयोग काटेकोर असले आणि त्यांची नोंद प्रसिद्ध झाली, तर नापास संयुगही पुढच्या संशोधकाला वाट दाखवते, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते.

बेडाक्विलिनचा प्रवास आणि औषधाची किंमत

वरील चौकडीतील बेडाक्विलिनही चाळणीतूनच आले. ते शोधताना झपाट्याने वाढणारा स्मेग्मॅटिस जंतू वापरला होता. हे औषध जंतूची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते. शोधाचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला, अमेरिकेत मान्यता डिसेंबर २०१२ मध्ये मिळाली आणि भारतात मार्च २०१६ मध्ये प्रथम केवळ सहा केंद्रांतून ते मर्यादित प्रमाणात देण्यास सुरुवात झाली. म्हणजे निबंधापासून भारतीय रुग्णापर्यंत अकरा वर्षे. तरीही औषधांच्या इतिहासात हा वेग चांगलाच म्हटला पाहिजे.

औषध सापडणे आणि परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बेडाक्विलिनचा मूळ भारतीय पेटंट-काळ जुलै २०२३ मध्ये संपणार होता. औषधाच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट घेऊन तो २०२७ पर्यंत वाढवण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी २०१९ साली त्याला हरकत घेतली. क्षयरोगावरील जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामामुळे दोघींनी श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर उत्पादकांना हे औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. आज कानाला इजा करणाऱ्या त्या इंजेक्शनांची जागा तोंडावाटे घेण्याच्या गोळ्यांनी घेतली आहे. नवे औषध मिळाल्याने काय साधते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

मिळालेले औषध कसे हातचे जाते

जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण आढळल्याचे वृत्त देशभर गाजले. असे जंतू कोठून येतात?

फुफ्फुसात क्षयाने पडलेल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांत आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारणपणे दहा लाखांत एक, तर रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक असा निसर्गतःच असतो. दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा मात्र इतका विरळ की तो असण्याची शक्यता जवळजवळ नसते. एकाच वेळी अनेक औषधे देण्यामागील हिशेब हा आहे. रुग्णाने गोळ्या मध्येच सोडल्या, कधी घेतल्या कधी चुकवल्या, किंवा कोणाच्या सांगण्यावरून त्यांतील एखादीच चालू ठेवली, की हा हिशेब बिघडतो. दुबळे जंतू मरतात, न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पुढे घरातील मुलाला किंवा सुनेला लागण होते ती या जंतूंची. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आता जगात आढळू लागले आहेत. ज्या औषधासाठी वर्षानुवर्षे चाळणी चालली, ते निष्काळजी वापराने काही वर्षांत बोथट होऊ शकते.

आपल्या हाती काय आहे

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरे.

नातेवाइकांस आमचे सांगणे असे की, वर्तमानपत्रातील 'नवे औषध' हे बहुधा तबकडीतील एका खळग्याचे वृत्त असते. तेथून रुग्णाच्या हातापर्यंतच्या वाटेवर उंदरांचे प्रयोग, विषारीपणाच्या कसोट्या आणि माणसांवरील तीन टप्प्यांच्या चाचण्या असतात. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर सहा महिन्यांच्या जुन्या गोळ्या आजही खात्रीने काम करतात. त्या नियमाने घेतल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. नवी औषधे ज्यांच्यावर जुनी चालत नाहीत त्यांच्यासाठी राखून ठेवणे, हे सर्वांच्याच हिताचे आहे. म्हणून थुंकीचा नमुना वेळेवर द्यावा, कारण कोणते औषध चालेल हे त्यावरूनच ठरते. बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज गोळ्या थांबवू नयेत. मळमळ, कावीळ, दृष्टीत फरक असा त्रास जाणवल्यास औषध परस्पर न सोडता तातडीने दाखवावे.

देणगीदारांस आमचे नम्र निवेदन असे की, औषधांच्या चाळणीस लागणारी खास प्रयोगशाळा, प्रशिक्षित शास्त्रज्ञ आणि दशकांची सलगता आपल्यासारख्या संस्थेच्या आवाक्यातील नाही, आणि तो आव आणणेही योग्य होणार नाही. परंतु शोधलेले औषध वाया जाऊ न देणे हे काम आपल्या आवाक्यात आहे. त्यासाठी पैसा लागतो तो साध्या गोष्टींना: रुग्णाच्या आहाराला, येण्याजाण्याच्या भाड्याला, गोळ्या चुकवणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या कार्यकर्त्याला. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा शिधा दिला असता त्या कुटुंबांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णास नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये मिळू लागले. त्याला समाजाची जोड मिळावी म्हणून २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाच्या आहाराचा भार उचलण्याची सोय आहे. आमच्या देणगीदारांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी या मार्गाचाही विचार करावा.

आपण दिलेल्या निधीचा मोठा भाग असा दृष्टीस न पडणाऱ्या कामावर खर्च होतो. त्यातून कोणताही शोध लागत नाही, वृत्तपत्रात नाव येत नाही. परंतु गोरेगावपासून सिएटलपर्यंत अनेकांनी अनेक वर्षे झिजून तयार केलेल्या औषधाचा शेवटचा टप्पा सोलापुरातल्या एखाद्या घरातच पार पडतो, आणि तेथे रुग्णाच्या शेजारी कोणीतरी उभे असावे लागते.